मोहर येईपर्यंत कानटोपी

“शांत्या, आंब्याला मोहर दिसल्याबिगर कानटोपी काढायची न्हाय. थंडी गेली का न्हाय ते आंबा सांगंल, तू नको सांगू.”

चुलीपुढं बसलेली आई मागं वळूनही न बघता हे म्हणायची. पाठीला डोळे नसताना पोराचा हात टोपीकडं गेलेला तिला कसा कळायचा, हे कोडं शांतिनाथ मगदूमांना साठी उलटली तरी सुटलेलं नाही. शिरोळकडचं ते गाव मागं पडलं, ती चूल विझली, आई गेली. पाटबंधारे खात्यात कारकुनाचे हेडक्लार्क होऊन मगदूम कोल्हापुरात निवृत्तही झाले. पण माघ सरत आला, दुपारचं ऊन मानेला टोचू लागलं आणि हात टोपीकडं गेला, की कानाच्या पाळीशी तो आवाज येतो. हात मुकाट्यानं खाली येतो.

लहानपणी या आज्ञेचा जाच नव्हता. बांधावर आंबे इतके, की एखादा तरी वेळेआधी मोहरायचा आणि पोरांची डोकी मोकळी व्हायची. कोल्हापुरात मगदूमांच्या दारात आंबा एकच, आणि तो मोहरायचं नाव घेत नव्हता.

हा आंबा साधासुधा नव्हे. मगदूमांनी तो स्वतः रत्नागिरीहून आणलेला. एसटीत मांडीवर घेऊन, घाटातल्या वळणावळणाला त्याच्या शेंड्यावर हात धरून, शेजारच्या उतारूला “जरा सरकून बसा, हापूस आहे” असं बजावत. कलम चार-पाच वर्षांत फळाला येईल, असं रोपवाटिकेवाला म्हणाला होता. मगदूमांनी कॉलनीत त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं, की पहिल्या तोडीची एकेक पेटी घरटी पोच होईल. पुढं लगेच त्यांची बदली चंदगडकडच्या धरणावर झाली. दिवाळीला घरी येऊन बघतात तर दारात हिरवंगार, तुकतुकीत पानांचं रोप. “कलमानं काय जोर धरलाय बघ,” ते पत्नीला, अक्काताईंना म्हणाले. अक्काताई “व्हय की” म्हणाल्या आणि कढईतली चकली जळेल म्हणून आत गेल्या.

चार-पाच वर्षं गेली. आणखी तेवढीच गेली, वर थोडी गेली. झाड घराच्या गच्चीवर डोकं काढून उभं राहिलं. दर साली थंडी उतरणीला लागली की सगळीकडं कामाची एकच घाई उडायची. शेवग्याच्या फांद्यांना पांढऱ्या फुलांची झालर लागायची. कोपऱ्यावरची सावर अंगावरची सगळी पानं टाकून लाल फुलं नेसायची. उसाच्या ट्रॉल्यांची घरघर विरत जायची आणि त्या जागी पहाटेचा कोकीळ बसायचा. अशा धामधुमीत मगदूमांचा आंबा मात्र मस्टरवर सही करून चहाला गेलेल्या माणसासारखा. हजेरी पक्की, काम शून्य.

शेजारचे हंबीरराव दरवर्षी अक्षय तृतीयेला कंपाउंडवरून हाक मारायचे, “मगदूमसाहेब, पेटी मिळाली बरं का. लई गोड हुती.” हंबीरराव साखर कारखान्यातून निवृत्त, तरुणपणी तालमीतले. आवाज असा की त्यांनी घरात बायकोला विचारलेलं गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. त्यामुळं ही न मिळालेली पेटी दरवर्षी अख्ख्या कॉलनीला मिळायची.

यंदा संक्रांत झाली आणि पुण्याहून सम्मेदचा फोन आला. सम्मेद म्हणजे मगदूमांचा एकुलता एक.

“पप्पा, पाडव्याला नवी गाडी घेऊन येतोय. दारात लावायची म्हटलं तर ते झाड आडवं येतंय. काढून टाकूया.”

“हापूस आहे तो, सम्मेद.”

“हापूस आहे म्हणून तुम्ही मी दहावीत असल्यापासनं सांगताय. आंबा कुठं आहे?”

मगदूम फोन घेऊन अंगणात आले. नेमके त्याच वेळी हंबीरराव कंपाउंडवर कोपर टेकून उभे होते आणि समोरच्या माडीवरच्या मीनाक्षीबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मीनाक्षीबाई शाळेत मास्तरीण होत्या. आता कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हरित समितीच्या प्रमुख. माणूस चार लोकांत बोलतो तेव्हा फोनवरच्या मुलाशी कमी आणि चार लोकांशी जास्त बोलतो. मगदूमांनी छाती भरून श्वास घेतला.

“पाडव्यापर्यंत मोहर आला नाही तर तू म्हणशील तसं. पण ऐकून ठेव. दारातल्या या आंब्याला मोहर दिसल्याशिवाय ही कानटोपी डोक्यावरून उतरणार नाही. नियम घेतला मी.”

अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या अक्काताईंच्या हातातलं सूप तिरकं झालं. चिमण्यांची सोय झाली.

आता नियम म्हणजे काय, हे जैनाच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. कुणी चातुर्मासात कांदा सोडतं, कुणी जन्मभर बटाटा. घेतला की घेतला. मगदूमांनी आयुष्यात घेतलेले सगळे नियम पाळले होते, मात्र ते सगळे खाण्यापिण्याचे होते. डोक्याचा नियम पहिलाच.

“आंगुळीला वो?” अक्काताईंनी रात्री जेवताना विचारलं.

मगदूमांचा घास थांबला. एवढ्या बारकाव्याचा विचार त्यांनी केला नव्हता. सकाळी उठून त्यांनी नियमाला शुद्धिपत्रक जोडलं. स्नान व मंदिरातील अभिषेक वगळून. खात्यात असताना याहून मोठ्या आदेशांना त्यांनी याहून मोठी शुद्धिपत्रकं जोडली होती, त्यामुळं मनाला टोचणी लागली नाही.

“आणि मोहर न्हाईच आला तर खरंच तोडायचं, हे बी नियमात घातलंय?” अक्काताई म्हणाल्या.

“तो नियम नाही. ते सम्मेदला दिलेलं आश्वासन आहे.”

“म्हंजे टोपी न्हाई उतरली तरी चालंल, पण झाड उतरायचं.”

यावर मगदूमांनी पेपर उघडला. अक्काताईंनी तांदळाचं धुवण उचललं आणि आंब्याच्या बुडाशी नेऊन ओतलं. ते त्या रोजच ओतायच्या. यंदा ओतून झाल्यावर खोडावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहू लागल्या, एवढाच फरक.

फेब्रुवारी तापायला लागला. ती कानटोपी सोलापुरी लोकरीची, मातकट रंगाची, हनुवटीखाली बटण, वर गोंडा. थंडीत ती माणसाला ऊब देते. उन्हात ती माणसाला भाजून काढते, हे मगदूमांनी अनुभवानं शोधून काढलं. लोकर ओली झाली की कपाळावरून खाली सरकायची, त्यामुळं त्यांना भुवयांच्या वरचं जग दिसेनासं झालं. कान झाकलेले, त्यामुळं जग निम्मंच ऐकू यायचं. आणि घामानं भिजलेल्या लोकरीचा वास असा, की नाकाला दुसरा कुठला वासच लागेना. केस कापणाऱ्यानं त्यांना खुर्चीवर बसवून, बटण काढायला हात घातला आणि नियम ऐकल्यावर तो हात जोडून उभा राहिला. “काका, मग मी नेमकं काय कापू?”

बँकेत तर दारावरच अडले.

“पावणं, तोंड झाकून आत सोडत न्हाई आम्ही.”

“तोंड उघडं आहे. डोकं झाकलंय.”

“मार्च लागतोय की वो. ह्या उन्हात कानटोपी कोन घालतंय? एक तर आजारी, न्हाईतर…” पहारेकऱ्यानं दुसरी शक्यता सभ्यपणे गिळली.

“मी याच शाखेतून पेन्शन घेतो.”

“मग टोपी काढून दावा, मी वळखतो.”

ज्या माणसाच्या टेबलापुढं ठेकेदार तासन्‌तास उभे राहत, तो माणूस दारातल्या स्टुलावर बसून राहिला आणि अक्काताईंनी घरून येऊन “हे आमचेच” म्हणून सांगितल्यावर आत गेला. परत येताना स्कूटरवर त्यांनी टोपीवर हेल्मेट चढवलं. सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्यानं काही न बोलता आपली पाण्याची बाटली पुढं केली. ही न बोललेली दया मगदूमांना पहारेकऱ्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागली.

आणि सल्ले. कोल्हापुरात एखाद्याच्या घरी पाहुणा यायच्या आधी सल्ला येतो. कुणी म्हणालं, मुळाशी खडेमीठ टाका. कुणी म्हणालं, खोडाला लोखंडी खिळा मारा, झाड जागं होतंय. कुणी बुडाशी धूर करायला सांगितला. तो केला, तर आंब्याला काही झालं नाही, मीनाक्षीबाईंचा दमा मात्र मोहरला. हंबीररावांचा सल्ला सगळ्यांत ठाम होता.

“आमच्यात बोकडाची हाडं पुरत्यात बुडात. रविवारची आमच्याकडची देतो मी. पुढच्या साली आंबा न्हाई आला तर नाव बदलीन.”

मगदूमांनी डोळे मिटून मनातल्या मनात णमोकार म्हटला.

“बरं ऱ्हाऊ दे,” हंबीरराव म्हणाले. “मग भ्या दावूया. त्याला हाडं लागत न्हाईत.”

हंबीररावांच्या आजोबांपासून चालत आलेला तो रिवाज असा. फळ न देणाऱ्या झाडापुढं पहाटे एकानं कुऱ्हाड घेऊन जायचं. म्हणायचं, देत नाहीस ना, तोडतोच तुला. कुऱ्हाड उगारायची. तेवढ्यात दुसऱ्यानं मध्ये पडायचं, हात धरायचा, गयावया करायची. औंदा राहू दे, पुढच्या साली देईल, मी जामीन. झाड घाबरतं. लाजतं. मोहरतं.

“पण ही हिंसा आहे,” मगदूम म्हणाले.

“आवो, मारायचं कुठं हाय? नुसतं दावायचं.”

“मनात आणणं हीसुद्धा हिंसाच.”

“मग मनात आणू नका. तोंडानंच म्हणा.”

हे मगदूमांना पटलं. तीस वर्षं त्यांनी मनात नसलेलं कागदावर आणलं होतं. तरी खबरदारी म्हणून त्यांनी हंबीररावांकडून आणलेल्या कुऱ्हाडीच्या पात्याला मफलर गुंडाळला.

“झाडानं भ्यायचं हाय का हसायचं हाय?” हंबीरराव म्हणाले.

जामीन राहायला अक्काताई आधी तयारच होईनात. “असलं खोटं बी दावू नये,” एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी हंबीरराव म्हणाले, की वहिनी नसतील तर मी मध्ये पडतो. या कल्पनेनं अक्काताई उठल्या.

सूर्य नुकता वर येत होता. हवेत अजून थंडीचा एक धागा होता. तेवढाच मगदूमांच्या बाजूनं. कानटोपी घातलेले मगदूम मफलर घातलेली कुऱ्हाड घेऊन आंब्यापुढं उभे राहिले. घसा खाकरला. शब्द आठवेनात. मग खोल आतून, जिथं तीस वर्षांची सवय साचलेली असते, तिथून शब्द आले.

“तुला यापूर्वी वेळोवेळी कळवूनही फळधारणेबाबत कोणतीही कार्यवाही केल्याचे दिसून येत नाही. तरी सदर बाब गांभीर्याने घेऊन…”

“कुऱ्हाड वर,” हंबीरराव कंपाउंडमागून पुटपुटले. गल्लीतलं कुत्रं जागं झालं.

“…अन्यथा तुझ्यावर योग्य ती कारवाई करण्यात येईल,” असं म्हणून मगदूमांनी कुऱ्हाड उगारली. मफलर सुटला आणि पातं उन्हात चमकलं.

तशा अक्काताई पुढं झाल्या. ठरलं होतं हात धरायचं. त्यांनी हात धरलाच नाही. आंब्याच्या खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारून त्या नवऱ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या, आणि जात्यावर बसल्यासारखा त्यांचा आवाज संथ निघाला.

“थांबा थांबा धनी माझं, नका घालू त्याला घाव
पानापानाला पुसते, माझ्या बापाजीचं गाव
औंदा न्हाई मोहरला, पुढल्या साली मोहरंल
दारी उभा माझा बाप, कसा रिता परतंल.”

अक्काताईंनी पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मगदूमांना ओवी आवडली, पण ती विषयाला सोडून होती. “विषय झाडाचा आहे. यात तुझे वडील कुठून आले?” त्यांनी चहा पिताना विचारलं.

“ओवीत बाप येतोच,” अक्काताई म्हणाल्या.

गुळाच्या पहिल्या ढेपेसारखा सूर्य वर आला तोवर सगळं ठीक होतं. दुपारी ग्रुपवर व्हिडिओ पडला. मीनाक्षीबाईंनी तो माडीवरून काढलेला. आवाज पोचला नव्हता, चित्र स्पष्ट होतं. चेहरा झाकलेला एक इसम कुऱ्हाड उगारतो आहे, आणि एक वृद्ध स्त्री झाडाला मिठी मारून रडते आहे. खाली मजकूर, “आपल्याच कॉलनीत. शब्द नाहीत.”

शब्द नाहीत म्हणून मीनाक्षीबाईंनी तो व्हिडिओ झाडांच्या परवानग्या देणाऱ्या ऑफिसलाही पाठवलं. दोन माणसं आली आणि फाटकावर नोटीस चिकटवून गेली. विनापरवाना वृक्षतोडीचा प्रयत्न. खुलासा करावा.

आयुष्यभर खुलासे मागवलेल्या माणसाला खुलासा द्यायची वेळ आली. मगदूम इस्त्रीचा शर्ट, वर कानटोपी अशा वेशात त्या ऑफिसात गेले. टेबलामागं बाळासो नावाचे कारकून पंखा थेट आपल्यावर घेऊन बसले होते.

“झाड तोडायचं हाय?” बाळासोंनी विचारलं.

“नाही. तोडायचं नाही, हे सांगायला आलोय.”

“मग अर्ज कशाचा?”

“न तोडण्याचा.”

“न तोडायचा नमुना न्हाई वो आपल्याकडं. तोडायचा हाय, फांद्या छाटायचा हाय, पडलेलं उचलायचा हाय.” बाळासोंनी मगदूमांच्या गोंड्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. “पावणं, कुऱ्हाड का उगारली मग?”

“भीती दाखवायला.”

“कुणाला?”

“झाडाला.”

बाळासोंनी पंखा थोडा मगदूमांकडं वळवला. “बरं वाटंनासं झालंय का? पाणी सांगू?”

पाणी पिऊन झाल्यावर बाळासोंनीच मार्ग काढला. तोडायच्या परवानगीचा अर्ज करा. हिरवं, निरोगी झाड, काही कारण नाही. असा अर्ज आम्ही नामंजूर करणारच. नामंजुरीचं पत्र तुमच्या हातात आलं, की झाड तोडायला बंदी असल्याचा सरकारी कागदच तुमच्याकडं आला. नोटिशीला तोच खुलासा म्हणून जोडा. उद्या मुलगा जरी कुऱ्हाड घेऊन आला तरी कागद दाखवायचा.

मगदूम भारावून गेले. एवढी निर्दोष कार्यपद्धती त्यांनी पूर्ण नोकरीत पाहिली नव्हती. मुलाला दिलेलं आश्वासनही मोडत नाही आणि झाडही वाचतं. त्यांनी सुंदर अक्षरात अर्ज केला. कारण या रकान्यात, आपली केस पडावी म्हणून मुद्दाम, “काही नाही” असं लिहिलं. घरी येऊन अक्काताईंना समजावून सांगितलं.

“म्हंजे झाड वाचवायला तुम्ही झाड तोडायचा अर्ज केलाय.”

“तांत्रिकदृष्ट्या.”

अक्काताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं आणि धुवण घेऊन बाहेर गेल्या.

या योजनेत एकच भोक होतं. त्याचं नाव हंबीरराव. साहेब सारखे ऑफिसला खेटे घालताहेत, कागद अडकलाय, एवढंच त्यांना दिसत होतं. आपल्या कुऱ्हाडीमुळं साहेब गोत्यात आले, ही बोचणीही होती. त्या ऑफिसातले वरचे साहेब म्हणजे हंबीररावांच्या तालमीतल्या जोडीदाराचे जावई. हंबीररावांनी फोन केला. फोन कशाला, गच्चीवरून नुसतं बोलले असते तरी पोचलं असतं. “मगदूमांचं काम आपलं काम समजून करून टाका.”

काम झालं. कोल्हापुरात सरकारी कागद इतक्या वेगानं हललेला कुणाच्या स्मरणात नाही. परवानगी मंजूर. सोबत नवीन रोपं लावण्याची अट. हंबीरराव स्वतः कागद घेऊन, पेढ्याचा पुडा घेऊन दारात आले. “साहेब, आता म्हणा काय ते.”

मगदूमांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. टोपीआड त्यांचा चेहरा नेमका कसा झाला, हे कुणालाच कळलं नाही. कानटोपीचा तेवढा एक उपयोग.

ग्रुपवर मीनाक्षीबाईंनी कागदाचा फोटो टाकून “शेवटी झालंच” असं लिहिलं. तो फोटो कुठून कुठून फिरत पुण्याला सम्मेदला पोचला.

“पप्पा, तुम्ही परवानगीसुद्धा काढली?” त्याचा आवाज भरून आला होता. “माझ्यासाठी? मला वाटलं तुम्ही अडून बसणार. मी इथूनच उचगावचा झाडं तोडणारा माणूस ठरवतो, तुम्ही काही करू नका.”

असा भरून आलेला आवाज मगदूमांनी मुलाकडून प्रथमच ऐकला. त्या आवाजाला “गैरसमज झालाय” हे सांगायला जी छाती लागते ती त्यांच्याकडं त्या क्षणी नव्हती. मग आज सांगू, उद्या सांगू करता करता पाडवा तोंडावर आला आणि सकाळी उचगावचा माणूस यांत्रिक करवत घेऊन दारात उभा राहिला.

मगदूमांनी त्याला चहा दिला. मग पोहे दिले. मग आणखी चहा दिला. परवानगीचा कागद दोनदा वाचून दाखवला, त्यातल्या अटींचा अर्थ सांगितला. उचगावचा माणूस भला होता, पण त्यालाही दुपारी दुसरीकडं जायचं होतं. त्यानं करवतीची दोरी ओढली. करवत गुरगुरली. कंपाउंडपलीकडं हंबीरराव, आपण काय करून बसलो ते आत्ता उमगून, मान खाली घालून उभे होते. माडीवर मीनाक्षीबाईंनी फोन वर धरला आणि पुन्हा खाली घेतला.

मगदूम आंब्यापुढं उभे होते. टोपी घट्ट. घाम हनुवटीच्या बटणावरून टपकत होता. झाड गेलं तर नियम जन्माचा. मोहरायला झाडच उरणार नव्हतं. या टोपीतच आपली शेवटची यात्रा निघणार, आणि खांदेकऱ्यांना शुद्धिपत्रक कोण वाचून दाखवणार, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तो विनोदी नव्हता. त्यांना रडू येत होतं.

“मशीन बंद करा.”

आवाज वरून आला. अक्काताई गच्चीच्या कठड्यावर वाकून उभ्या होत्या. यंदाच्या साबुदाण्याच्या पापड्या घालायला त्या पहिल्यांदाच वर गेल्या होत्या. हात कोपरापर्यंत चिकाचे.

“बंद करा म्हनतो न्हवं. वर येऊन बघा आधी.”

उचगावच्या माणसानं करवत बंद केली. मगदूम जिना चढले. गच्चीवर पांढऱ्या पापड्यांच्या रांगा, आणि कठड्यापलीकडं हाताच्या अंतरावर आंब्याचा दक्षिणेकडचा शेंडा. मगदूमांनी वर पाहिलं, पण टोपी भुवयांवर आलेली. अक्काताईंनीच चिकाच्या हातांनी हनुवटीखालचं बटण काढलं आणि टोपी मागं ओढली.

वारा डोक्याला लागला. आधी तोच. घामेजलेल्या टाळूवरून फाल्गुनाचा वारा गेला आणि मगदूमांना आपल्याला डोकं आहे हे नव्यानं कळलं. मग कान उघडले. मधमाश्यांची बारीक गुणगुण, एकसारखी, कुणी बाळ झोपवत असल्यासारखी. मग वास आला, तुरट गोड. आणि शेवटी डोळ्यांना दिसलं. कोवळ्या तांबूस पानांमधून फिक्या पिवळ्या मोहराचे तुरे, एक नाही, दोन नाही, सगळा शेंडा. किती दिवस तो इथं होता देव जाणे. खालून दिसत नव्हता, आणि ज्यानं वर बघायचं त्यानं टोपी घातलेली.

मगदूम कठड्यावर वाकले.

“हंबीरराव, हापूस मोहरला. मीनाक्षीबाई, काढा फोटो. आणि त्या बाळासोंना पेटी ठरली माझी, परवानगी परत करायला जाईन तेव्हा सांगतोच. सगळ्यांना पेट्या. अस्सल रत्नागिरी हापूस.” त्यांनी खिशातून फोन काढला. “सम्मेदला सांगतो. गाडी गल्लीत लाव म्हणावं, हापूस मोहरलाय.”

अक्काताईंनी त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. फोनला चीक लागला.

“कुणाला काय सांगू नका. बसा हितं जरा,” त्या म्हणाल्या. “हापूस न्हाई त्यो. तुमचं कलम पयल्याच वैशाखात वाळलं. तुम्ही धरणावर हुता. मी पाणी घालत हुतो रोज, तरी वाळलं. त्याच साली गडहिंग्लजकडनं माझ्या वडलांनी, अप्पांनी आंब्याची पाटी धाडलीती, आमच्या बांधावरच्या आंब्याची. शेवटचीच. रस्ता रुंद केला त्यात ते झाड गेलं, आणि पावसाळा सरायच्या आत अप्पा गेले. त्या पाटीतली कोय मी तुमच्या खड्ड्यात लावलीती. आता सांगू म्हनून बसलो, तर तुम्ही दिवाळीला येऊन म्हणाला, कलमानं काय जोर धरलाय बघ. तुमचं तोंड बघून बोलवंना. कोयीचं झाड हाय, त्याला वेळ लागतोयच की. मग तुम्ही नियम घेतला. म्हटलं, आता सांगितलं आणि ह्यांनी तो बी हापूसशीच बांधला तर टोपी जन्माची. पण मी नीट ऐकलंय, तुम्ही दारातल्या आंब्याला म्हणालता, हापूस म्हणाला न्हाईसा. तवा ती टोपी आता परत घालायची न्हाई. आणि आणखी एक सांगून ठेवतो. पयल्या साली आंबट निघंल त्यो, अप्पांचा बी निघायचा. खाताना माझ्याम्होरं तोंड वाकडं करायचं न्हाई.”